ली नदीची वाट

निसर्गरम्य स्थळांना इतिहास नसतो, असा एक समज आपल्या मनात नकळत घर करून असतो. गडावर गेलो की आपण इतिहास विचारतो. नदीकाठी गेलो की केवळ देखावा पाहतो. दक्षिण चीनमधील ग्वेइलिन ते यांगशुओ हा ली नदीचा सुमारे ८३ किलोमीटरांचा पट्टा या समजास बळकटी देणारा आहे. संथ पाणी, काठावर बांबूची बेटे आणि मागे चुनखडीचे उभे सुळके! वीस युआनच्या नोटेच्या पाठीवर हाच देखावा छापलेला आहे. परंतु या प्रदेशाची कीर्ती ज्या वाटेने जगभर गेली, ती वाट मोहिमेची, बदलीची आणि पलायनाची होती.

सुटीतील प्रवासासाठी आम्ही ग्वांगझौहून आगगाडी धरली. ग्वेइयांग-ग्वांगझौ हा ८५७ किलोमीटरांचा वेगवान लोहमार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. पूर्वी ज्या प्रवासास रात्र गाडीत काढावी लागे, तो आता सुमारे तीन तासांचा झाला आहे. बोगद्यामागून बोगदे जातात आणि डोंगर ओलांडल्याचे जाणवतही नाही. या डोंगरांनी एके काळी एका सम्राटाचे सैन्य अडविले होते.

तो सम्राट म्हणजे छिन घराण्याचा शी हुआंग-ती. दक्षिणेकडील मोहिमेत त्याच्या फौजेला धान्य पोहोचेना. तेव्हा शी लू नामक अधिकाऱ्याने इ. स. पूर्व २१४ च्या सुमारास ग्वेइलिनच्या उत्तरेस लिंगछू कालवा खोदविला. शियांग नदी उत्तरेस यांगत्सेकडे वाहते, तर लीचे पाणी दक्षिणेस मौक्तिक नदीच्या खोऱ्यात जाते. या दोहोंना जोडणारा हा कालवा सुमारे ३६ किलोमीटर लांबीचा आहे. नांगराच्या फाळासारखा दगडी बांध पाणी दुभंगतो. सात हिस्से शियांगला व तीन हिस्से लीला, असे परंपरा सांगते. पुढे तांगकाळात त्यावर दारे बसविण्यात आली. पाणी तुंबवून नौका टप्प्याटप्प्याने चढविल्या जात.

या वाटेने धान्य गेले, तशी माणसेही गेली. सैनिक आणि सक्तीने धाडलेले लोक तिकडचेच होऊन राहिले. मोहिमेमागून गेलेली घराणी परत फिरत नाहीत, हे माळव्यात, ग्वाल्हेरीस वा बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणांस वेगळे सांगावयास नको. तेथील सक्ती मात्र आपल्या पूर्वजांच्या वाट्यास सहसा आली नव्हती.

नंतरच्या शतकांत राजधानीहून बदली झालेले अधिकारी येथे येत. त्यांना हे टोक दूरचे, परंतु देखणे वाटे. अशाच एका अधिकाऱ्याची, वांग जंगगुंग याची, ग्वेइलिनच्या सौंदर्याला सर्वश्रेष्ठ ठरविणारी काव्यपंक्ती १२०१ मध्ये शहरातील एका सुळक्यावर कोरली गेली. प्रख्यात प्रवासी श्यू श्याक याने १६३७ मध्ये येथील गुहा फिरून त्यांची तपशीलवार वर्णने लिहिली.

१९३८ मध्ये हुनानकडून येणारा लोहमार्ग ग्वेइलिनला पोहोचला. तो कालव्याच्याच खिंडीतून आला आणि कालव्यातील नौकानयन हळूहळू थांबले. जपानी आक्रमणापुढे मागे हटलेले लेखक, नाटककार, चित्रकार या शहरी जमले. शांतिनिकेतनात महात्मा गांधींचे चित्र रेखाटणारे श्यू बेइहोंग यांनी लीचा पाऊस शाईने रंगविला, तोही याच दशकात. परंतु १९४४ च्या शरदात जपानी सेना चालून आली. माणसे डब्यांच्या टपांवर बसून पळाली. नोव्हेंबरमध्ये शहर पडले. त्याचा बहुतांश भाग जळून गेला.

आज नदीवरील नौकेत प्रवाशांना सुळक्यांतील घोडे मोजावयास सांगतात. १९४४ चा उल्लेख आमच्या कानी तरी आला नाही. सहलीस आलेल्यांचा हिरमोड कोणी करावा, हेही खरेच. तथापि ज्या मार्गाने एके काळी लोक जीव मुठीत धरून निघाले, त्याच मार्गाने आपण डबा उघडून, खिडकीशी बसून येतो, ही जाणीव असावी. तिने देखावा उणा होत नाही. डोंगर निसर्गाने घडविले. त्यांच्यापर्यंतची वाट माणसांनी घडविली, आणि तिची किंमतही माणसांनीच मोजली.