वदतोव्याघाताचे कूळ

हुबळीच्या कमरीपेठेत मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणाऱ्याला जवळपास एकाच अर्थाचे दोन शब्द भेटतात. कन्नड मजकुरात ‘वैरुध्य’, मराठीत ‘विसंगती’. दोन्ही संस्कृतातले. पहिल्याच्या मुळाशी ‘रुध्’ म्हणजे अडवणे, दुसऱ्याच्या मुळाशी ‘गम्’ म्हणजे जाणे. इंग्रजी ‘काँट्रॅडिक्शन’ मात्र बोलण्यातून निघाला: लॅटिनमध्ये ‘काँत्रा’ म्हणजे विरुद्ध आणि ‘दीकेरे’ म्हणजे म्हणणे.

बोलण्याशी असाच बांधलेला आपला शब्द म्हणजे वदतोव्याघात. ‘वदतः’ म्हणजे बोलणाऱ्याचा, आणि ‘व्याघात’मध्ये ‘हन्’ हा मारण्याचा धातू. बोलणाऱ्याने आपल्याच विधानावर घातलेला घाव! “मी जन्मभर मौनी आहे” असे तोंडाने सांगणारा माणूस हे त्याचे जुने उदाहरण. त्याला खोटे पाडायला साक्षीदार लागत नाही. वाक्य उच्चारले, तिथेच ते पडले.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, व्याघात बोलण्यापुरता ठेवला नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त शंकेची हद्दच व्याघाताने आखून दिली. पुढे मिथिलेच्या गंगेशांनी ‘तत्त्वचिंतामणी’त ते उलगडले. शंका घेणाऱ्याला ते विचारतात: धूर हवा म्हणून विस्तव पेटवतोस, पोट भरावे म्हणून जेवतोस, दुसऱ्याला कळावे म्हणून बोलतोस. मग कार्यकारणभावावर शंका कसली घेतोस? इथे माणसाची कृतीच त्याची शंका खोडून काढते. या शब्दाच्या प्रवासातला हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

‘विरोधाभास’ काव्यशास्त्राच्या घरातला. मम्मटाने त्या अलंकाराला नुसते ‘विरोध’ म्हटले. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त तो ‘विरोधाभास’ या नावाने येतो. आभास अशासाठी, की विरोध वरवर दिसतो आणि अर्थ लागला की मावळतो. म्हणून पुढाऱ्याने सकाळी एक आणि संध्याकाळी नेमके उलटे सांगितले, तर बातमीत ‘विरोधाभास’ छापू नये. तिथला विरोध खराच असतो. ‘अंतर्विरोध’ मार्क्सवादी लेखनातून रुळला. तो व्यवस्थेच्या पोटातल्या झुंजीसाठी राहू द्यावा.

दोन विधानांचा मेळ बसत नसेल, तर ‘विसंगती’ लिहा. एकच विधान स्वतःला छेदत असेल, तर ‘वदतोव्याघात’ लिहा. उच्चाराला जड आहे म्हणून तो टाकू नका. त्याच्या जागी बसेल असा दुसरा शब्द मराठीत नाही.