कुक्कुटखाद्यातील साठवणीच्या धान्याचे ऊर्जामूल्य
पक्ष्याच्या शरीराला धान्यातून प्रत्यक्ष वापरता येणारी ऊर्जा. हिला चयापचयी ऊर्जा म्हणतात. खाद्यातील एकूण ऊर्जेतून विष्ठा व मूत्रावाटे बाहेर पडणारी ऊर्जा वजा करून ती काढतात. कोंबडीची विष्ठा व मूत्र एकत्रच बाहेर पडत असल्याने हे मापन सोपे जाते.

चांगल्या वाळलेल्या मक्यात किलोमागे सुमारे ३,३०० किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा असते. म्हणून व्यापारी खाद्याचा तो मुख्य घटक होय. परसातील कोंबड्यांना मात्र स्थानिक धान्य मिळते. उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके भातपिकाचे. उतारावर नाचणी, वरईही होते. त्यामुळे तेथील परसातल्या कोंबड्यांना भात, कणी व कोंडा सहज मिळतो. भाताच्या वजनात तुसाचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा असतो व तूस पचत नाही, म्हणून अख्ख्या भातापेक्षा कणीचे ऊर्जामूल्य जास्त.

साठवणीत हे मूल्य घटते. ओलावा १२ वरून १६ टक्क्यांवर गेला, तर केवळ पाण्याच्या वजनामुळे किलोमागील ऊर्जा साडेचार टक्क्यांनी कमी भरते. सोंडकिडे दाण्यातील पिष्ट खातात. कोंड्यातील तेल लवकर खवट होते. पावसाळी दमटपणात ॲस्परजिलस बुरशी वाढल्यास अफ्लाटॉक्सिन तयार होऊन यकृताला इजा होते. साठवणीपूर्वी धान्याचा ओलावा १२–१३ टक्क्यांपर्यंत उतरवणे आवश्यक असते. बुरशीचे धान्य पाखडून किंवा वाळवून निर्विष होत नाही. ते कोंबड्यांना घालू नये.