शेततळ्यातले मासे कमी का होतात? पाणकावळ्याआधी पाणी तपासा

वाशीम : २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगाव शेततळी दिसू लागली. खोदले ते सोयाबीन-हरभऱ्याच्या ओलितासाठी, पण पाणी आहेच तर दोन पैसे मिळावेत म्हणून बरेच शेतकरी त्यात कटला, रोहू, मृगळ सोडतात. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळं टाकलं की मासे निघतात कमी. दोष जातो पाणकावळ्याला. पाणकावळा मासे खातो हे खरंच. मात्र कित्येक तळ्यांत नुकसान त्याच्यापेक्षा पाण्याने आणि फवाऱ्याने जास्त होते. म्हणून उपाय करण्याआधी मासे कशाने गेले हे ओळखावे.

मेलेला मासा कुठेच दिसत नाही, तरी संख्या घटत चालली, तर खाणारा कोणीतरी आहे. पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात, उन्हं वर आली की खाली जातात, आणि मेलेल्यांत मोठे मासे जास्त असतात, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे. लहानमोठे सगळेच, दिवसाउजेडी, तडफडून वर आले आणि त्यातही लहान आधी मेले, तर विषाची शंका घ्यावी. अंगावर लाल चट्टे, जखमा असल्या तर रोग. एवढे पाहिले तरी अर्धे काम होते.

फवारणीचे पाणी तळ्यात नको

जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडायची वेळ आणि सोयाबीनवर फवारणीची वेळ एकच येते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधे माशांना फार थोड्या मात्रेत मारतात. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण माणसाला किती विषारी ते सांगतो. हिरवा त्रिकोण आहे म्हणजे माशाला चालते असे नाही. फवारणीचा पंप तळ्यात धुणे किंवा त्यातच बुडवून भरणे बंद करावे, पाणी वेगळ्या बादलीने घ्यावे. वारा तळ्याकडे असेल तर त्या बाजूच्या तासांत फवारू नये. वावरातले पहिल्या पावसाचे पाणी सरळ तळ्यात येत असेल तर बांध घालून ते बाजूने काढावे. विषाने मेलेले मासे खाऊ नयेत, विकूही नयेत, खड्ड्यात पुरावेत.

पहाटेचा श्वास

हिरवे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढून घेते. म्हणून सर्वात वाईट वेळ पहाटेची. दोन-तीन दिवस आभाळ राहिले की धोका वाढतो. एक लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला तर मासे नीट वाढतात, ३ च्या खाली गेला की त्रास सुरू होतो. मोजायचे यंत्र नसेल तर हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक आहे. कोपराच्या बऱ्याच आधी, मनगट बुडताच तो गायब होत असेल तर शेवाळ जास्त झाले. शेण आणि खाद्य दोन्ही थांबवावे.

मासे तोंड वासताना दिसले की विहिरीचे ताजे पाणी उंचावरून सोडावे, नाहीतर तळ्याचेच पाणी मोटारीने उचलून फवाऱ्यासारखे परत टाकावे. ज्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची असते, तेव्हा पहाटेची वेळ साधता येते. लाइन नसेल तर डिझेल इंजिन तयार ठेवावे. मासे वर येताहेत म्हणजे भुकेले आहेत असे समजून खाद्य टाकणारेही असतात. त्याने पाणी आणखी बिघडते.

गर्दी हे याचे मूळ कारण. ३० बाय ३० मीटरचे, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचे तळे असेल तर साडेचारशे ते नऊशे बोटुकली पुरेत. कटला, रोहू, मृगळ हे ४:३:३ प्रमाणात सोडावेत. व्यापारी दोन हजार घ्या म्हणाला तरी घेऊ नयेत.

खाणारे कोण कोण

सर्वात जास्त खातो तो तळ्यातलाच मासा. नाल्याच्या पाण्याबरोबर मरळ, शिंगाळा, मांगूर यांची पिल्ले आत येतात आणि बोटुकली फस्त करतात. तळे उन्हाळ्यात पूर्ण आटवून वाळवावे आणि पाणी भरताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. विदेशी मांगूरवर देशात बंदीच आहे, तो कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

जिरे सोडण्यापेक्षा चार इंची बोटुकली घेणे महाग पडते, पण परवडते. जिऱ्याला पाण्यातले किडेसुद्धा खातात. बोटुकली बेडूक, किडे यांच्या तोंडात सहज मावत नाही.

पाणकावळ्यासाठी तळ्यावर दोन-दोन फुटांवर नायलॉनची दोरी आडवी ताणावी. त्याला पाण्यावर धावत उडावे लागते, दोऱ्या असल्या की तो उतरायला कचरतो. ढोकरी आणि बगळा काठाच्या उथळ पाण्यात उभे राहून मासे धरतात, त्यामुळे काठ उभा ठेवणे हाच उपाय. खंड्याला बसायला वाळलेली फांदी किंवा तार लागते, ती काढावी. जुन्या कॅसेटची चमकती पट्टी चार दिवस काम करते, मग पक्षी सरावतात. जाळी लावायचीच तर ताठ ताणून लावावी, ढिल्या जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात. प्लास्टिकच्या तळ्यात काटेरी फांद्या टाकू नयेत, कागद फाटतो. त्याऐवजी जुने सहा इंची पाइप तळाला ठेवले की मासे आत लपतात.

दिवड हा साप मासे खातो, पण बिनविषारी आहे. पक्षी, साप, घोरपड यांना मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विष घातलेले आमिष किंवा तारेत वीज सोडणे तर माणसाच्याच जिवावर येते. प्लास्टिकचे तळे निसरडे असते. मासे असोत नसोत, चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवावा.

रब्बीच्या ओलिताने पाणी खाली गेले की मासे एका ठिकाणी गोळा होतात आणि पक्ष्यांचे फावते. पाणी चार-पाच फुटांवर आले की मोठे मासे काढून विकायला लागावे. त्या वेळी राखण ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

थंडीतला रोग

हिवाळ्यात अंगावर लाल व्रण पडण्याचा रोग येतो. अशा वेळी खाद्य कमी करावे, मेलेले मासे रोज काढावेत आणि त्या तळ्यातले जाळे दुसऱ्या तळ्यात न वाळवता नेऊ नये. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्य संशोधन संस्थेने यासाठी ‘सिफॅक्स’ हे औषध काढले आहे. मात्रा एक हेक्टर क्षेत्राला आणि एक मीटर खोलीला एक लिटर. नऊ गुंठ्यांत दीड मीटर पाणी असेल तर साधारण १३५ मिलि, पाण्यात मिसळून सगळीकडे शिंपडावे. नऊ गुंठ्यांना वीस किलो चुना टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण आधी सामू पाहावा. तो साडेआठच्या वर असेल तर चुना टाकू नये. माणसांच्या गोळ्या खाद्यात कालवू नयेत.

नवीन बीज आणले की पिशवी वीस मिनिटे तळ्यावर तरंगू द्यावी. नंतर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ टाकून त्यात बोटुकली एक-दोन मिनिटे बुडवून मग सोडावी.

मासा आजारी दिसला तर तो मेल्यावर नेऊन उपयोग होत नाही. जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात पिशवीत घालून, आणि वेगळ्या स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन, रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा वाशीमच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावा. तळ्याजवळ शेवटची फवारणी कधी केली आणि कोणत्या औषधाची, हे लिहून सोबत न्यावे.