आत्मओळख, आरशातील

आरशात दिसणारे प्रतिबिंब दुसऱ्या कोणाचे नसून आपलेच आहे, हे ओळखण्याची क्षमता. विकासात्मक मानसशास्त्र व प्राणिवर्तनशास्त्र या शाखांत ती स्वजाणिवेच्या उदयाची एक खूण मानली जाते. डोळे आणि आरसा एवढ्यावर ती येत नाही; पाहणाऱ्याला लाभलेला सहवास आणि त्याच्यावर झालेले संस्कार यांचाही तिच्यात मोठा वाटा असतो.

आरसा : तुर्कस्तानातील चाताल्ह्यूक येथे ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेचे, घासून गुळगुळीत केलेले सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आरसे सापडले आहेत. पुढे तांब्याचे व काशाचे आरसे आले. केरळातील आरन्मुळा येथे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे आरसे आजही घडवतात. काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक पद्धत युस्टुस फोन लीबिख यांनी १८३५ मध्ये शोधली.

संवेदन व भ्रम : आरशाच्या पृष्ठभागावर चेहऱ्याची आकृती प्रत्यक्षाच्या बरोबर निम्मी असते. चेहरा आरशापुढे जितका दूर, तितकेच प्रतिबिंब आरशामागे भासते आणि आरसा दोहोंच्या मधोमध येतो, हे त्याचे कारण. एक डोळा मिटून, वाफ धरलेल्या आरशावर चेहऱ्याची कड बोटाने गिरवली की हे पटते. मागे सरकून पुन्हा गिरवली तरी आकृती तेवढीच येते. कलेतिहासकार ई. एच. गॉम्ब्रिक यांनी १९६० मध्ये याकडे लक्ष वेधले. रोज आरसा पाहणाऱ्यांनाही हे सहसा जाणवत नाही. स्वतःच्या छायाचित्राची आरशातल्यासारखी उलट प्रत माणसाला अधिक आवडते, तर त्याच्या मित्रांना सरळ प्रत, असे मीटा, डर्मर व नाइट यांच्या १९७७ च्या अभ्यासात आढळले. ज्या बाजूने आपण स्वतःला ओळखतो, त्या बाजूने इतर आपल्याला पाहत नाहीत.

प्रारंभीची निरीक्षणे : चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या व त्या १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. साडेचार महिन्यांचे मूल आरशातील स्वतःच्या व वडिलांच्या प्रतिबिंबाकडे पाहून हसे. मात्र वडिलांचा आवाज पाठीमागून आला की चकित होई. नऊ महिन्यांच्या सुमारास नावाने हाक मारताच ते आरशाकडे वळू लागले.

गॅलप यांची चाचणी : गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये निरीक्षणाला प्रयोगाची शिस्त दिली. त्यांनी चार चिंपँझींपैकी प्रत्येकाला एकटे ठेवून पिंजऱ्यासमोर दहा दिवस आरसा ठेवला. सुरुवातीला ते प्रतिबिंबाला दुसरा चिंपँझी समजून त्याला धमकावत. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हे ओसरले आणि ते आरशात पाहून दातांत अडकलेले अन्न काढू लागले, एरवी न दिसणारे अवयव न्याहाळू लागले. मग त्यांना भूल देऊन एका भुवईवर आणि विरुद्ध बाजूच्या कानावर गंधहीन लाल रंग लावण्यात आला. शुद्धीवर आल्यावर आरसा समोर नसताना त्यांनी त्या जागांना क्वचितच हात लावला. आरसा येताच मात्र हात वारंवार स्वतःच्या भुवईकडे व कानाकडे गेले. माकडांमध्ये हे आढळले नाही. या चाचणीइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा ठरावा असा निष्कर्ष पुढच्याच वर्षी आला : जन्मापासून जातभाईंपासून दूर, एकाकी वाढवलेल्या चिंपँझींना आरसा देऊनही आत्मओळख साधली नाही.

मुले : ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये लहान मुलांच्या नाकाला लाली लावून हीच पद्धत वापरली. वर्षाच्या आतले मूल प्रतिबिंबाला खेळगडी समजते. दुसऱ्या वर्षात ते बुजते, नजर टाळते. साधारण अठरा ते चोवीस महिन्यांत बहुतेक मुलांचा हात स्वतःच्या नाकाकडे जातो. मात्र हे वेळापत्रक प्रामुख्याने पाश्चात्त्य मुलांवरून बसवलेले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात दीड ते सहा वर्षांच्या केनियातील ८२ मुलांपैकी दोघांनीच खुणेला हात लावला. बाकीची बहुतेक आरशासमोर थिजून उभी राहिली. ही मुले स्वतःला ओळखत नव्हती, असे त्यावरून म्हणता येत नाही. कपाळाला किंवा गालाला काजळाची तीट लावण्याचा परिपाठ असलेल्या घरातले मूलही चेहऱ्यावरचा ठिपका पुसायला जाईलच, असे नाही. मोठ्या माणसाने लावलेली खूण तशीच राहू द्यायची असते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. चाचणीचा अर्थ लावताना हे ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे.

इतर प्राणी : डॉल्फिन (२००१), आशियाई हत्ती (२००६), मॅगपाय पक्षी (२००८) व क्लीनर रास मासा (२०१९) यांच्याबाबत अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. माशाबाबत मतभेद आहेत. कुत्र्यासारख्या गंधावर विसंबणाऱ्या प्राण्याला ही चाचणी न्याय देत नाही, असाही आक्षेप आहे.

सामाजिक आरसा : चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये मांडले की, आपण दुसऱ्याला कसे दिसत असू, तो त्यावरून काय मत बनवत असेल, या कल्पनांतून आणि त्यांतून उपजणाऱ्या अभिमानातून वा लाजेतून आपली ‘मी’ची भावना घडते. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हा विचार पुढे नेला. एकाकी चिंपँझींवरील प्रयोग या मताला बळ देतात. इतरांच्या नजरेची सवय असल्याशिवाय आरशातला चेहरा आपला म्हणून हाती लागत नाही.

भारतीय विचार : छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आत्मा जाणण्यासाठी आलेल्या इंद्र व विरोचन यांना प्रजापती पाण्याच्या पात्रात पाहायला सांगतो, मग नटून-थटून पुन्हा पाहायला लावतो. विरोचन दिसलेल्या देहालाच आत्मा मानून समाधानाने परततो. देह आंधळा वा लंगडा झाला तर प्रतिबिंबही तसेच होईल, ही शंका इंद्राला वाटेतच येते आणि तो माघारी फिरतो. एकूण १०१ वर्षांच्या ब्रह्मचर्यवासानंतर त्याला उत्तर मिळते. ज्ञानेश्वरांच्या ‘चांगदेव पासष्टी’त द्रष्टा, दृश्य व दर्शन या त्रिपुटीच्या विवेचनात आरशाचा दृष्टान्त येतो.

उपचारातील उपयोग : अवयव गमावलेल्या रुग्णांच्या भासमान अवयवातील वेदनांसाठी व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात, शाबूत अवयवाचे प्रतिबिंब गमावलेल्या अवयवाच्या जागी दाखवणारी आरसापेटी वापरली.