बँकेतला बोनस : मनाईपासून पीएलआयपर्यंत

सरकारी बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय करारानंतर ‘पीएलआय’, म्हणजे कामगिरीशी जोडलेलं प्रोत्साहन, ही नवी रक्कम दिसू लागली. बँकेचा कार्यकारी नफा वर्षभरात ५ ते १० टक्के वाढला तर ५ दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, १० ते १५ टक्के वाढला तर १० दिवसांचा आणि त्याहून जास्त वाढला तर १५ दिवसांचा. नफ्याशी बांधलेलं हे बक्षीस आज साधं वाटतं, पण एके काळी बँकेत त्याला कायद्यानेच मनाई होती.

बोनस मुळात बँकेतला नाही. तो मुंबईच्या कापड गिरण्यांतला. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा, १९१७ साली, गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के युद्धबोनस दिला. पुढे बोनस देणं बंद पडलं आणि १९२४ च्या आरंभी गिरण्या संपाने ठप्प झाल्या. बोनस हा कामगाराचा हक्क नाही, असा निर्वाळा तेव्हा सरकारी चौकशी समितीने दिला. १९५० मध्ये मात्र कामगार अपिलीय न्यायाधिकरणाने गिरण्यांच्याच खटल्यात, सगळी देणी वजा जाता उरलेल्या नफ्यात कामगाराचा वाटा मानला.

बँकेतल्या माणसाला तो वाटा मागण्याचीही सोय नव्हती. १९४९ च्या बँकिंग कायद्याचं कलम १० सांगत होतं की ज्याचा मोबदला कमिशनच्या किंवा नफ्यातल्या वाट्याच्या रूपात आहे, अशा माणसाला बँकेने नोकरीत ठेवू नये. मला ही मनाई अडाणी वाटत नाही. लोकांच्या ठेवी हाताळणाऱ्याचा खिसा नफ्याला जोडला, तर कर्ज देताना त्याचा हात सैल सुटण्याची भीती खरीच असते. पण त्याच कलमामुळे कारकुनाचा बोनसही अडकला. १९५६ च्या दुरुस्तीने निवाड्याने किंवा तडजोडीने ठरलेला बोनस मोकळा झाला, तरी त्याआधीचा बोनस कलमात बसत नाही, असंच १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या खटल्यात ठरवलं. बोनसचा स्वतंत्र कायदा आला १९६५ ला.

पगाराची लढाई समांतर चालूच होती. १९५३ चा शास्त्री न्यायाधिकरणाचा निवाडा, त्यावरचं अपील, अपिलाच्या निर्णयात सरकारने केलेली काटछाट आणि त्या कारणावरून १९५४ मध्ये कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांचा राजीनामा. शेवटी न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या आयोगाने १९५५ मध्ये तोड काढली. १९६६ पासून बँका आणि संघटना समोरासमोर बसून करार करू लागल्या.

या सगळ्यात माणसं बँकेला कशाने धरून राहिली? माझ्या मते कुठल्याही वर्षाच्या बोनसने नाही. सवलतीच्या दरातलं घरकर्ज, ठरलेली बढती आणि १९९३ च्या कराराने आलेली पेन्शन यांनी ती राहिली. पीएफमधला बँकेचा हिस्सा सोडून लोकांनी पेन्शन घेतली, कारण म्हातारपणाची हमी त्यांना हातातल्या रकमेपेक्षा मोठी वाटली. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेत, बँकांनी उलट बक्षीस दिलं, जाण्याचं. सुमारे एक लाख माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर कर्जदार पारखणारी नजरही गेली. तो तोटा कुठल्या ताळेबंदात दिसला नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना ती पेन्शन नाही, ठरलेल्या रकमेची हमी नसलेली राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस) आहे. एकाच काउंटरवर शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांचं म्हातारपण वेगळं. नवी मुलं बँकेत रुजू होऊनही दुसऱ्या परीक्षांचे फॉर्म भरत राहतात, याचं नवल मला वाटत नाही. अशांना वर्षातून पंधरा दिवसांचा पगार देऊन थोपवता येत नाही.

त्यातल्या त्यात २०२० च्या पीएलआयचा एक गुण होता. शिपाई असो की अधिकारी, दिवस सर्वांना सारखे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने चीफ मॅनेजर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी, कितीतरी मोठी योजना सांगितली. बँक संघटनांच्या मार्च २०२५ च्या नियोजित संपाच्या मागण्यांत तिला विरोध होता, आणि तो योग्य होता. शाखेतलं काम एकमेकांच्या हाताला हात लावून होतं. त्यात वरच्याचं बक्षीस खालच्याच्या टार्गेटवर पिकवलं, तर ग्राहकाच्या गळ्यात नको ती विमा पॉलिसी पडते.

बारावा करार ३१ ऑक्टोबर २०२७ ला संपतो. पुढच्या वाटाघाटींच्या टेबलावर पीएलआयचे दिवस वाढवण्याआधी २०१० नंतरच्यांच्या पेन्शनचा प्रश्न घ्यावा, एवढी माझी मागणी बँका आणि संघटना या दोन्ही बाजूंकडे आहे.