निर्वंशाचे गणित

लोकसंख्यावाढीच्या पहिल्या सूत्रांत योगायोगाला जागा नव्हती. माल्थसने १७९८ मध्ये भूमितीश्रेणीची वाढ मांडली, बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ मध्ये तिला मर्यादा घातली; पण दोन्हींत आजचा आकडा ठरला की उद्याचाही ठरलाच. लाखोंच्या वस्तीला हे चालते. एका घराण्याला नाही.

योगायोग गणितात शिरला तो आडनावांच्या वाटेने. युरोपातली नामवंत घराणी खुंटत होती, आणि त्यांची प्रजननशक्तीच घटली असावी असा समज होता. यात निव्वळ योगायोगाचा वाटा किती, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये घातला. १८७४ मध्ये रेव्हरंड हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने उत्तर दिले. रीत नामी होती, निष्कर्ष चुकला: प्रत्येक आडनाव आज ना उद्या नष्ट होणारच!

समजा, एखाद्याला मुलगा नसण्याची शक्यता १/४, एक असण्याची १/४ आणि दोन असण्याची १/२ आहे. सरासरी सव्वा, म्हणजे वाढतीच. वंश खुंटण्याची शक्यता क्ष धरली, तर एका मुलाचा वंश खुंटण्याची शक्यता क्ष. दोघे असतील तर दोघांचेही खुंटायला हवेत, म्हणून क्ष वर्ग. तेव्हा क्ष = १/४ + क्ष/४ + क्ष²/२. याची मुळे दोन, १ आणि १/२. वॉटसनने असल्या समीकरणातले १ धरले. पण पिढीमागून पिढी मोजत गेले, तर शक्यता १/४ पासून चढत १/२ च्या जवळ जाते, ओलांडत नाही. तरीही वाढत्या समाजातली निम्मी आडनावे बुडतात, हे काही थोडे नाही.

गंमत अशी, की फ्रान्सच्या बियेनेमेने १८४५ मध्येच अचूक निष्कर्ष मांडला होता. तो १९७२ पर्यंत अडगळीत पडून राहिला. दरम्यान हॉल्डेनने (जो पुढे भारतात स्थायिक झाला) १९२७ मध्ये हीच रीत जनुकांना लावली. एक टक्का फायद्याचे नवे जनुकही शंभरांत सुमारे ९८ वेळा नाहीसे होते. डेन्मार्कच्या स्टेफेन्सेनने १९३० मध्ये वॉटसनची चूक निस्तरली.

१९३९ मध्ये विल्यम फेलरने जन्म-मृत्यू कोणत्याही क्षणी घडू शकतात असे धरून सूत्रे बांधली, आणि योगायोग धरलेल्या वाढीची सरासरी व्हेरहुल्स्टच्या वक्रावरून जात नाही हे दाखवले. व्हेरहुल्स्टची मर्यादा बाजूला ठेवली, तरी फेलरच्या मांडणीत जन्मदर मृत्युदराच्या दुप्पट असूनही एकट्या जीवाचा वंश संपण्याची शक्यता १/२ राहते. दहा जीवांपासून सुरुवात झाली, तर ती १/१०२४ वर येते.