लहान महाविद्यालयांचा संघ आणि पुण्यातील मराठीचे वर्ग

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील दहा लहान महाविद्यालयांनी १९५८ मध्ये एकत्र येऊन ‘असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट’ हा संघ स्थापन केला. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय या चार राज्यांतील ही महाविद्यालये होती. बेलॉइट, कार्लटन, ग्रिनेल, नॉक्स, सेंट ओलाफ ही त्यांपैकी काही नावे. पुढे सदस्यसंख्या १४ पर्यंत गेली. त्यात कोलोरॅडो कॉलेजचाही समावेश झाला. भूगोलाच्या काटेकोर हिशेबाने ते या प्रदेशातले नव्हे, परंतु आकारमान आणि अध्यापनपद्धती यांचे साम्य येथे नकाशापेक्षा महत्त्वाचे ठरले.

अशा महाविद्यालयांत एकूण विद्यार्थी साधारणतः एक ते तीन हजार असतात. त्यांपैकी भारतात सहा महिने राहून मराठी शिकू इच्छिणारे एखाद्या वर्षी दोघे असतील, तर पुढच्या वर्षी कोणीच नसेल. एवढ्यासाठी परदेशात शिक्षक, निवास आणि कार्यालय यांची कायम व्यवस्था ठेवणे एकट्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे असते. दहा-बारा महाविद्यालयांतील असे एक-दोन विद्यार्थी एकत्र आले की मात्र वर्ग भरतो.

संघाचा भारत-अभ्यास उपक्रम १९६९ मध्ये पुण्यात सुरू झाला. दिल्ली किंवा वाराणसीऐवजी पुण्याची निवड झाल्याने अमेरिकी विद्यार्थ्यांच्या वाट्याला हिंदीऐवजी मराठी आली. वर्गातील पाठांइतकेच महत्त्व स्थानिक कुटुंबांतील वास्तव्याला होते. बाजारात, बसमध्ये आणि यजमानांच्या स्वयंपाकघरात मराठी बोलण्यावाचून गत्यंतर नसे. शिवाय प्रत्येकाने आपल्या आवडीचा विषय निवडून स्वतंत्र अभ्यास-प्रकल्प करावयाचा असे.

डॉ. आंबेडकर आणि दलित चळवळीच्या इतिहासकार एलिनॉर झेलियट या उपक्रमाशी निकटच्या संबंधित होत्या. १९६९ ते १९९७ या काळात त्यांनी कार्लटन येथे अध्यापन केले. अमराठी अभ्यासकांना मराठी शिकविण्याच्या साधनांची चणचण त्या काळी मोठी होती. मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी इंग्रजीतून तयार केलेले मराठीचे व्याकरण आणि मराठी-इंग्रजी कोश १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या दृष्टीने उपयुक्त ठरले.

खर्च आणि जबाबदारी वाटून घेण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. काही उपक्रम संघाचे कार्यालय चालविते, तर काहींची धुरा एखादे सदस्य महाविद्यालय सर्वांच्या वतीने वाहते. जपानमधील वासेदा विद्यापीठाशी १९६३ मध्ये जोडलेला अभ्यासक्रम इंडियानातील अर्लहॅम कॉलेजने सांभाळला आणि त्याचा लाभ दोन महाविद्यालय-संघांतील विद्यार्थ्यांना मिळाला. यांपैकी दुसरा संघ म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेला ‘ग्रेट लेक्स कॉलेजेस असोसिएशन’. मात्र कोणतीही रचना असली तरी परदेशात मिळविलेले श्रेयांक मूळ महाविद्यालयाने मान्य करणे ही पहिली अट असते. श्रेयांक बुडणार असतील तर पदवी लांबते आणि शुल्क वाढते, म्हणजे संधी पुन्हा सधन विद्यार्थ्यांपुरतीच उरते.

दक्षिण आशियात याच धर्तीवर आणखी प्रयोग झाले. मदुराई येथे तमिळसह अभ्यासाची, तर श्रीलंकेतील कँडी येथे सिंहलीसह अभ्यासाची सोय अमेरिकी महाविद्यालयांच्या गटांनी केली.

संख्येचे हे गणित उलटेही फिरते. महाविद्यालये स्वतःचे स्वतंत्र उपक्रम काढू लागली आणि खासगी संस्थांचे पर्याय वाढले की विद्यार्थी विखुरतात. त्याचा फटका प्रथम कमी शिकविल्या जाणाऱ्या भाषांना बसतो. मिडवेस्ट संघाने पुढे जयपूर येथे हिंदीसह विकास-अभ्यासाचा उपक्रम चालविला. मराठीच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी परदेशी संस्थांसमवेत जोड, संयुक्त आणि दुहेरी पदवी अभ्यासक्रमांना वाट करून दिली. आयोगाच्या पूर्वसंमतीशिवाय असा करार करण्यासाठी ‘नॅक’चे किमान ३.०१ गुणांकन, राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ गटातील पहिल्या शंभरात स्थान किंवा ‘उत्कृष्ट संस्था’ हा दर्जा, यांपैकी एक निकष त्या नियमांत घालण्यात आला. ही पात्रता एकेकट्या संस्थेची मोजली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या चार-पाच संलग्न महाविद्यालयांनी मिळून एखाद्या परदेशी विद्यापीठाकडे विद्यार्थी पाठवावयाचे ठरविल्यास त्यांना आधी मूळ विद्यापीठाचे दार ठोठवावे लागते.